रमोन्सचा टी-शर्ट छापू का? गडबच्या मित्राला उत्तर



टी-शर्ट छपाईच्या व्हिडिओखाली गडबच्या एका तरुणाने विचारलंय: "सर, मुंबईत रस्त्यावर रमोन्स लिहिलेले काळे टी-शर्ट भरपूर दिसतात. तेच छापून पेणच्या बाजारात विकले तर चालतील का?"

नका छापू. ते चिन्ह दुसऱ्याच्या मालकीचं आहे. विनापरवानगी छापलंत तर माल जप्त होऊ शकतो. पण पन्नास वर्षांनंतरही तो टी-शर्ट खपतो कसा, हे प्रत्येक नवीन धंदेवाल्याने समजून घेतलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

रमोन्स हा न्यूयॉर्कचा बँड, 1974 सालचा. पंक रॉक म्हणजे छोटी, वेगवान, रागीट गाणी. फार शिक्षण नको, महागडी वाद्यं नकोत. त्यांचा पहिला अल्बम 1976 मध्ये साधारण 6,400 डॉलरमध्ये झाला. त्या काळच्या मोठ्या बँडच्या मानाने हा चहापाण्याचा खर्च. अल्बम फारसा खपला नाही. पाच लाख प्रतींचा 'गोल्ड' दर्जा मिळायला 2014 साल उजाडलं. तोवर मूळ चौघांपैकी तिघे जग सोडून गेले होते आणि चौथाही त्याच वर्षी जुलैमध्ये गेला.

म्हणून "पॅशन ठेवा, पैसा आपोआप येतो" असं कोणी स्टेजवरून सांगितलं की मला राग येतो. चाहत्यांचं प्रेम खरं होतं, टिकलंही. पण प्रेम एका वाटेने येतं आणि पैसा दुसऱ्या. रमोन्सची दुसरी वाट ओळखली ती आर्तुरो वेगा या त्यांच्या चित्रकार मित्राने. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून त्याने बँडचं चिन्ह बनवलं आणि गरुडाच्या पायात बेसबॉलची बॅट दिली. बँडबरोबर गावोगाव फिरून तो कार्यक्रमातच टी-शर्ट विकायचा. गाणं संपलंय, अंगात अजून झिंग आहे, तेवढ्यात टी-शर्ट समोर! याला म्हणतात गिऱ्हाईक कुठे उभं आहे हे ओळखणं.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा बझकॉक्स हा बँड. कुठल्या कंपनीची वाट न बघता त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून 500 पौंड उसने घेतले आणि जानेवारी 1977 मध्ये स्वतःच रेकॉर्ड काढली. पहिल्यांदा फक्त 1,000 प्रती. त्या संपल्या, मग पुढच्या छापल्या, आणि आकडा 16,000 पर्यंत गेला. पुढच्याच वर्षी स्क्रिट्टी पोलिट्टी या बँडने तर कमाल केली. रेकॉर्डिंगला किती, छपाईला किती, असा सगळा खर्च त्यांनी रेकॉर्डच्या कव्हरवरच छापून टाकला! आपल्याकडे शेजारच्या दुकानदाराला माल कुठून आणता विचारा, तो विषय बदलतो. या पोरांनी हिशोब उघडा केला आणि ऐकणाऱ्याला वाटलं, अरे, हे तर मलाही जमेल. पंकचे चाहते इतकी वर्षं धरून आहेत त्यामागे हे आहे असं मला वाटतं. गाण्यात त्यांना स्वतःसाठी जागा दिसली.

हे फक्त गोऱ्यांचं नाही बरं का. मुंबईतही द रायट पेडलर्ससारखे पंक बँड झाले. आणि मराठीत तर पंकच्या वीसेक वर्षं आधी, 1954 मध्ये, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. प्रकाशक नाही? मग आपणच काढू!

आता गडबला या. आपल्या भागात हा बाणा कुठे आहे? बेंजो पार्टीत. हळदीची रात्र असो, पालखी असो की गणपतीची मिरवणूक, बेंजो हवाच. वाजवणारी पोरं बहुतेक कुठल्या क्लासला गेलेली नसतात, एकमेकांचं बघून शिकतात. गावागावात त्यांचे चाहते आहेत, अमक्या पार्टीची तारीख मिळाली नाही म्हणून हळद पुढे-मागे करणारे लोक आहेत. मग न्यूयॉर्कच्या बँडचा टी-शर्ट कशाला? ज्यांच्यावर तुमचं गाव नाचतं त्यांचा छापा. त्यांना भेटा, लेखी परवानगी घ्या आणि प्रत्येक नगामागे त्यांचा हिस्सा ठरवा.

हिशोब असा मांडा. समजा प्लेन टी-शर्ट 120, छपाई 50, आणणं-नेणं 10. झाले 180. विक्री 250 ला, त्यातले 20 पार्टीचे. तुम्हाला नगामागे 50 सुटतात. 40 नग विकले तर 2,000 रुपये. पण सहाच नग अंगावर पडू द्या, बघा काय होतं. विक्री 34 ची म्हणजे 8,500. खर्च पूर्ण 40 चा, 7,200. पार्टीचे 680. हातात राहिले फक्त 620! स्वतःची मजुरी तर यात अजून धरलेलीच नाही.

म्हणून आधी छापून मग गिऱ्हाईक शोधू नका. एक नमुना छापा, पार्टीच्या म्होरक्याच्या अंगावर चढवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. नाव, साइज आणि निम्मा अॅडव्हान्स आला की तेवढेच छापा. "आपलाच आहेस, नंतर देतो" म्हणणारे दहा जण भेटतील. गावात उधारी नाकारणं अवघड जातं, माहीत आहे. त्यांना हसून सांगा की पैसे पार्टीचेही आहेत, माझ्या एकट्याचे नाहीत. मशीन घेण्याचा विचार आत्ता नकोच. पहिले दोन-तीन लॉट पेणला किंवा पनवेलला कुणाकडून तरी छापून घ्या आणि साइजची यादी सांभाळून ठेवा, पुढच्या ऑर्डरला तीच लागणार आहे.