टेमघरची माणसे कोणत्या रकान्यात?

शहाड-टेमघर पाणीयोजनेमुळे भिवंडीच्या टेमघरचे नाव ठाणे, मिरा-भाईंदरपर्यंत पोहोचले. शहरांना जाणारे पाणी मीटरने मोजले जाते. अशा गावांतील माणसांची मोजदाद मात्र आजही अर्धवटच आहे.

जनगणनेचा गावनिहाय तक्ता उघडा. स्त्री, पुरुष, साक्षर, शेतमजूर सापडतील. समाजघटकांचे रकाने मात्र दोनच : अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. तालुक्यातील मोठा आगरी समाज ओबीसी, म्हणून त्याला रकानाच नाही. धर्माची नोंद तक्त्यात नसल्याने बौद्ध किती, हेही कळत नाही. कातकरी आणि वारली एकाच आकड्यात विरघळतात.

त्यातही 2011 ची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन वीटभट्ट्यांच्या हंगामात! दिवाळीनंतर पाडा सोडलेला कातकरी तेव्हा भट्टीवर असतो. पाड्यावर तो मोजलाच जात नसेल, तर पाड्यासाठी अंगणवाडी आणि नळ कोणत्या आकड्यावर मागायचा?

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. हंगाम तोच! 1931 नंतर प्रथमच जनगणनेतून सर्व जातींचे आकडे मिळायचे आहेत. म्हणून बौद्ध बांधवांनी धर्म 'बौद्ध' आणि जात आपल्या रकान्यात स्पष्ट लिहून घ्यावी. शिकलेल्या तरुणांनी भट्ट्यांवर जाऊन प्रत्येक कुटुंबाची नोंद झाली की नाही, हे पाहावे. 1948 साली संविधान सभेत बाबासाहेबांनी गाव नव्हे, तर व्यक्ती हा घटक मानला. ती व्यक्ती भट्टीवर असली तरी मोजली गेलीच पाहिजे.