बंदुकीचे आत्मचरित्र

इतवारीच्या सराफा ओळीत दागिना घडवून घेणारा गिऱ्हाईक जितका चिकित्सक, तितकाच साहेब शिकारी आपल्या रायफलीबाबत असे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या मालकांच्या अनुभवकथनाला ‘निसर्गलेखन’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्या आमच्याच समीक्षकांविषयी.

मध्य प्रांतातला कॅप्टन जेम्स फॉर्सिथ घ्या. नळीतल्या खाचांना पीळ कमी व दारू भरपूर, म्हणजे गोळी सपाट जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी साधते, असा सिद्धान्त त्याने ग्रंथ लिहून मांडला. १८७१च्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’मधला सातपुडा आम्हांला तरी त्याच नळीतून पाहिलेला वाटतो.

कॉर्बेटच्या रिग्बी रायफलीच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीबद्दलची ही भेट. देणाऱ्या-घेणाऱ्याची नावे तीवर कोरलेली. हाक्याला मात्र २९८ गावकरी होते! शिवाय ही रायफल मिळाली शिकारीनंतर. प्रत्यक्ष प्रसंगी कॉर्बेटची काडतुसे संपली आणि शेवटचा बार उडाला तो तहसीलदाराच्या जुनाट, खिळखिळ्या बंदुकीचा, हे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहिले आहे. त्या बंदुकीवरची पट्टी आम्हांला अद्याप कुठे आढळलेली नाही.