लहान मुलं भाषा पटकन शिकतात, मग पहिलीपासून तिसरी भाषा का नको?

एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात जो वाद पेटला, त्यात हिंदी, मराठी आणि अस्मिता यांवर भरपूर बोललं गेलं. पण वादाच्या मुळाशी असलेला एक दावा जवळपास न तपासताच फॉरवर्ड होत राहिला. तो म्हणजे, लहान मुलांचा मेंदू टीपकागदासारखा असतो, कितीही भाषा शिकवा.

आधी घटनाक्रम. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा झाली आणि दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थी असण्याची अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निर्णय मागे घेतला गेला, पण तिसरी भाषा नेमकी कितवीपासून, हा प्रश्न जागेवरच राहिला.

टीपकागदाचं गणित आलं कुठून?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच लिहिलंय की दोन ते आठ या वयात मुलं भाषा फार वेगाने शिकतात. हे हवेतून आलेलं नाही. जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या चिनी आणि कोरियन भाषकांचं इंग्रजी व्याकरण तपासलं होतं. अगदी लहानपणी आलेल्यांची पकड मूळ इंग्रजी भाषकांच्या जवळ जाणारी होती, मोठेपणी आलेले मागे पडले होते.

फक्त यात एक गोष्ट विसरली जाते. ही मुलं भाषेच्या तासाला बसत नव्हती, त्या भाषेत राहत होती. शेजारी, मैदान, टीव्ही, दुकान, सगळं इंग्रजीत.

आता आपल्या शाळेचा हिशोब करू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरते. रोज ३५ मिनिटांचा एक तास धरला, तर वर्षाला ११७ तासही होत नाहीत. घरातली भाषा मूल दिवसाला दहा तास ऐकतं असं मानलं, तर तेवढे तास बारा दिवसांत भरतात!

फरक स्मरणाच्या पद्धतीतही आहे. लहान मूल नियम न कळता भाषा उचलतं. 'भात संपला, पोळी संपली, दूध संपलं' हे हजारदा ऐकलं की लिंग आपोआप बसतं, कुणी शिकवावं लागत नाही. ही पद्धत खोलवर जाते, पण तिला ऐकण्याचा प्रचंड साठा लागतो. दहा-बारा वर्षांचं मूल मात्र नियम समजून घेतं, दोन भाषांची तुलना करतं, वाचून लक्षात ठेवतं. शाळेतला तास नेमका याच पद्धतीला सोयीचा असतो.

स्पेनमध्ये परदेशी भाषा सुरू करण्याचं वय अकरावरून आठवर आणलं गेलं, तेव्हा बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने दोन्ही प्रकारच्या मुलांची तुलना केली. इंग्रजीचे तास सारखेच मिळालेले असताना उशिरा सुरुवात करणारी मुलं पुढे होती. त्याआधी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांच्या अभ्यासातही पहिल्या वर्षात तीन ते पाच वयाची मुलं सर्वात मागे होती. तिथे तर भाषा चोवीस तास कानावर पडत होती.

जूनच्या निर्णयातली आणखी एक तरतूद चर्चेत फारशी आली नाही. २० पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर ती भाषा ऑनलाइन शिकवायची होती. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकी बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणारी बाळं त्या भाषेचे ध्वनी ओळखायला शिकली, तेच व्हिडिओवर पाहणारी शिकली नाहीत. सहा वर्षांचं मूल म्हणजे बाळ नव्हे, हे मान्य. तरी पडद्यावरून 'टिपून' घेण्याची अपेक्षा धाडसाचीच.

हिंदी तर जवळचीच आहे ना?

जवळची आहे, म्हणून मोठेपणी सोपी जाते. मराठी वाचन पक्कं झालेल्या मुलाला लिपी नव्याने शिकावी लागत नाही. अडचण आहे ती पहिलीत, जिथे काना-मात्राच अजून हातात बसायचे असतात. मराठीत 'मजा आली', हिंदीत 'मज़ा आया'. मराठीत 'कवी', हिंदीत 'कवि'. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण.

पण विरोधकांचा 'तीन भाषांनी मेंदू गोंधळतो' हा दावाही टिकत नाही. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी मुलं पिढ्यानपिढ्या व्यवस्थित वाढली आहेत. उलट बाजूने, जास्त भाषांमुळे बुद्धी तल्लख होते हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेत ९-१० वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात द्विभाषक मुलांना एकाग्रतेसारख्या क्षमतांमध्ये विशेष फायदा आढळला नाही.

या सगळ्यात सर्वात कमी बोललं गेलं ते गडचिरोली, नंदुरबार, पालघरच्या मुलांबद्दल. माडिया, पावरी किंवा वारली बोलत शाळेत येणाऱ्या मुलासाठी मराठीच दुसरी भाषा असते. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, ती झाली तिसरी. हिंदी आली तर चौथी. आणि घरची भाषा समजणारे शिक्षक भेटतीलच याची खात्री नाही. पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवावं, असंही त्याच २०२० च्या धोरणात लिहिलंय.