उंदीर वाचला, पुढे काय?

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या एकाच्या पोटात दुखायला लागलं. सबमिशन तोंडावर! गड्याने मेसच्या भाजीला शिव्या घातल्या आणि 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी' पावडर दुधातून घेत पडून राहिला. डब्यावर छापलेलं होतं, 'प्रयोगांती सिद्ध'. तिसऱ्या रात्री वॉर्डन सरांनी त्याला गाडीत घालून नेलं. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. थोडक्यात वाचला.

तेव्हा मी शोधायला बसलो, हे 'प्रयोग' असतात तरी कसे? पोटातल्या संसर्गाचे प्रयोग बहुधा उंदरांवर होतात. भूल देऊन मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी दोऱ्याने बांधतात, सुईने भोक पाडतात. मळ पोटात झिरपतो आणि संसर्ग पसरतो. मग औषध देऊन किती उंदीर जगले ते मोजायचं.

यीस्टपासून काढलेलं ग्लुकन आधीच टोचलं, तर प्रयोगातले प्राणी जास्त जगले. पण पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या बाराशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल १९९९ मध्ये आला : गंभीर संसर्ग आणि मृत्यू यांत एकूण फरक नाही! इंटरल्यूकिन-७ ने २०१० मध्ये उंदीर वाचवले. सेप्सिसच्या २७ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला : ज्यांना ते मिळालं, त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कित्येक पट वाढल्या. आशा आहे, पण जीव वाचतात हे एवढ्याने सिद्ध होत नाही.

असं का? प्रयोगातला उंदीर तरुण, एकाच वाणाचा. औषध आधीच किंवा काही तासांत मिळतं. माणूस येतो साठीचा, मधुमेही, तोही तिसऱ्या दिवशी. आपण तरी एका क्यूब टेस्टवर धरण पास करतो का?

उंदरांवरचे प्रयोग निरुपयोगी आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पुढची वाट तेच दाखवतात. चूक उंदरावरून थेट डब्यावर उडी मारणाऱ्यांची, आणि न विचारता डबा घेणाऱ्या आपलीही! म्हणून विचारा : प्रयोग कोणावर? औषध आधी दिलं की नंतर? माणसांवर चाचणी झाली का?

आणि बाबांनो, दुखणं उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, तर पावडर राहू द्या. रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डनचं दार वाजवा. सर ओरडतील, पण गाडी काढतील!