गुमास्ता यंत्राचा, जबाबदारी धन्याची

दुकानात धनी हजर नसला तरी गुमास्ता असतो. गिऱ्हाइकाशी बोलणे, वहीत नोंद करणे, पैसे घेणे, ही कामे तो धन्याच्या नावाने करतो. म्हणूनच त्याने दिलेला शब्द हा धन्याचाच शब्द मानला जातो. ही जुनी रीत आज एका अगदी नव्या ठिकाणी कसोटीस लागली आहे.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १९९९ साली स्थापन झालेली सेल्सफोर्स ही कंपनी व्यापारी संस्थांना आपल्या गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून पुरविते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने ‘एजंटफोर्स’ नावाची नवी सोय जाहीर केली. मायक्रोसॉफ्टचे ‘कोपायलट स्टुडिओ’ हे साधनही त्याच जातीचे. यातील विशेष हा, की कंपनी तयार एजंट विकून थांबत नाही; प्रत्येक संस्थेने आपला एजंट आपणच घडवावा आणि कामास लावावा, अशी साधने ती त्यांच्या हाती देते.

हा एजंट म्हणजे पोलादी हातापायांचा यंत्रमानव नव्हे. अफाट मजकुरावरून भाषा शिकविलेली ती एक संगणक-प्रणाली होय. तिला कामास लावण्यासाठी संगणकाची भाषा यावीच लागते असे नाही. नव्या नोकरास सांगावे तसे साध्या वाक्यांत सांगावयाचे: तुझे काम कोणते, कोणत्या नोंदी पाहाव्यास, काय करण्याची तुला मुभा आहे आणि कोणत्या क्षणी माणसास हाक मारावी. यामागील विचार योग्यच आहे. जोडे विकणाऱ्याचे नियम निराळे, रुग्णालयाचे निराळे. ते ज्याचे त्यालाच ठाऊक. शिवाय हा गुमास्ता रात्री झोपत नाही आणि शंभर जणांना एकाच वेळी उत्तर देतो.

परंतु त्याच्यात एक खोड आहे. खरे उत्तर तो ज्या सफाईने देतो, त्याच सफाईने कधी कधी चुकीचेही देतो. आणि ऐकणाऱ्यास त्यांतील भेद कळत नाही.

एजंटांची ही लाट येण्यापूर्वीच कॅनडात घडलेली एक गोष्ट या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका गृहस्थाची आजी वारली. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने त्याला सांगितले, की तिकीट आता काढा, शोकप्रसंगीची सवलत नव्वद दिवसांच्या आत मागता येईल. त्याने विश्वास ठेवला. पुढे कंपनीने सवलत नाकारली. कारण प्रवासानंतर ती मिळत नाही असा तिचा नियम होता. वाद ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे गेला, तेव्हा आपल्या यंत्राच्या बोलण्यास आपण बांधील नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला: संकेतस्थळावरील सर्व माहितीस कंपनीच जबाबदार आहे, मग ती साध्या पानावर असो वा यंत्राच्या तोंडी. व्याज व खर्चासह सुमारे ८१२ डॉलर तिला द्यावे लागले.

ते यंत्र केवळ बोलत होते. आजचा एजंट कृती करतो. मागणी रद्द करतो, पैसे परत करतो, नोंदी बदलतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एजंटाने, काहीही बदलू नये अशी सक्त ताकीद असताना, एका ग्राहकाच्या चालू कामाचा माहितीसाठा पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी झाल्या गोष्टीबद्दल जाहीर माफी मागितली.

तात्पर्य सरळ आहे. साधन सोपे झाले म्हणून जबाबदारी हलकी होत नाही. नव्या नोकराच्या हाती पहिल्याच दिवशी कोणी तिजोरीची किल्ली देत नाही. आधी लहान काम सोपवावे, त्याची तपासणी करावी, मगच अधिकार वाढवावा. एजंट घडविणाऱ्यानेही हेच करावे.

आणि आपण? परगावच्या मुलाचे तिकीट काढताना किंवा बँकेची चौकशी करताना असा यंत्र-गुमास्ता आपल्याशीही बोलेल. त्याचे उत्तर जपून ठेवावे, छापील नियमाशी ताडून पाहावे आणि शंका येताच माणसाशी बोलण्याचा आग्रह धरावा. यात संकोच कसला? गुमास्ता कोणीही असो, दुकानाच्या पाटीवर नाव धन्याचेच असते.