न शेंदायची विहीर

जिचे पाणी कोणी प्यायचे नाही, शेंदायचे नाही, शेताला लावायचे नाही, अशी विहीर सरकार पैसे खर्चून पाडते, असे मी चारचौघांत सांगितले की लोक हसतात. वाचकहो, आपणही खुशाल हसा. पण मग पुढचे ऐका. माझा भाचा भूजल मोजण्याच्या कामात आहे. त्याच्यामागे लागून धाराशिव जिल्ह्यातल्या (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) एका खेड्यात मी ही विहीर होताना पाहिली. विहीर कसली, सहा इंची बोअर तो!

१९७२ च्या दुष्काळी साली महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. तिची माणसे ठरलेल्या निरीक्षण विहिरींतले पाणी वर्षातून चार वेळा मोजतात. पण रोज उपसली जाणारी विहीर खरे सांगत नाही. पंप चालला की पाणी खाली, वीज गेली की वर! म्हणून पंपाशिवायचा, कुलूप लावलेला बोअर लागतो. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत राज्याचे तेरा जिल्हे घेतले गेले. धाराशिव त्यांपैकी एक.

या भागात सगळा काळा पाषाण. शेजारच्या किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा तो ३३८ मीटर जाड निघाला! पाणी साठते ते बहुतेक वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. यंत्राचा हातोडा खाली जाऊ लागला तसा दगडाचा भुगा वर उडू लागला, आणि भाचा दर काही फुटांना मूठभर भुगा घेऊन जमिनीवर ओळीने ढीग मांडू लागला. काळा, राखाडी, मध्येच गेरूसारखा लाल. पोरे भोवती जमली. मला तर ती रांगोळीच्या दुकानाची मांडणी वाटली! त्या ढिगांवरून भोकांची नळी कोणत्या थरासमोर ठेवायची ते ठरले. नळीभोवती बारीक खडी भरली आणि वरच्या तोंडाशी सिमेंट, म्हणजे गावचे सांडपाणी आत उतरणार नाही.

मग परीक्षा. कॉम्प्रेसरच्या हवेने आतला गाळ बाहेर काढून पाणी नितळ केले. पातळी मोजली, वरून भसकन बादल्या ओतल्या आणि पाणी पूर्वीच्या खुणेवर किती वेळात येते ते घड्याळ लावून पाहिले. भोके गाळाने बुजली असतील तर नळीतल्या पाण्याचा बाहेरच्या पाण्याशी संबंध तुटतो, आणि पुढे वर्षानुवर्षे खोटे आकडे लिहिले जातात.

खरी गंमत झाली मे महिन्यात, नमुना घेताना. नळीत वीस मीटर पाणी होते. सहा इंची नळीच्या एका मीटरात अठराएक लिटर मावते, म्हणजे साडेतीनशे लिटर. ते तिप्पट उपसून मगच बाटली भरायची, असा रिवाज. हजार लिटर पाणी! ऐन उन्हाळ्यात! एक म्हातारी घागर टेकून कडाडली, "साहेब, प्यायला थेंब नाही अन् तुम्ही हे ओतून टाकता?" भाचा म्हणाला, "आजी, नळीतलं पाणी शिळं आहे. खडकातलं ताजं यायला हवं." म्हातारीने क्षणभर विचार केला. "म्हणजे रांजण विसळल्यासारखंच की," म्हणाली, आणि नळाचा पाइप स्वतः ओढून जनावरांच्या हौदात सोडला.

बाटली त्याच पाण्याने तीनदा खळखळून काठोकाठ भरली. क्षारांचा अंदाज तिथेच घेतला. नायट्रेट आणि फ्लोराइड प्रयोगशाळेत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. खते आणि उकिरडे यांतून ते उतरते आणि तान्ह्या बाळांना बाधते. आपल्या शहरी गृहिणी म्हणतील, पाणी उकळून घ्यावे. बायांनो, उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे दाट होते! ज्यांच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पावसाळ्यानंतरची मोजणी दिवाळीच्या सुमारास येते. व्यापारी वहीपूजन करतात, तेव्हाच. आम्ही गेलो तेव्हा भाच्याने आजूबाजूचे पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगितले होते. त्याने फीत आत सोडली, टोक पाण्याला लागले, वर घंटी वाजली. पावसाने पातळी चार मीटर चढली होती. मंडळी खूश! पण भाच्याने पारावर बसून हिशेब मांडला. या खडकाचा एक मीटर थर गच्च भरला, तरी त्यातून निथळून मिळते जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचे पाणी. चार मीटरांचे आठ सेंटिमीटर. उसाला वर्षाकाठी दोन मीटरांच्या आसपास पाणी लागते. रब्बी ज्वारी बरीचशी जमिनीतल्या ओलीवरच निघते.

"मग ऊस लावायचा नाही म्हणता?" एकाने विचारले.

"ते तुम्ही ठरवा, काका. मी फक्त पाणी किती आहे ते सांगतो."

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा लिहिला गेला. दोघांनी तिथल्या तिथे ज्वारी पेरायचे म्हटले. तिसरे एक गृहस्थ बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले, पण बोलले काही नाहीत. उसाचे बेणे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे, आणि त्यांचा बोअर या विहिरीपासून दोनशे पावलांवर आहे. जानेवारीत पुन्हा मोजणी आहे.