तळणारीनं कधी खायचं?

दिव्यांची अवस आली की आमच्या गोरेगावात बाईच्या वाट्याला दोन कामं. सकाळी समया-निरांजनं घासून पुजायची आणि संध्याकाळी गॅससमोर उभं राहून तळायचं. श्रावण लागण्याआधीची गटारी ना ती! पूर्वी रस्सा-वडे एकदा करून ठेवले की सगळे एका पंगतीत बसत. आता मंडळींना 'स्टार्टर' हवेत, तेही गरमागरम आणि एकामागून एक. हॉलमध्ये गप्पा रंगतात आणि घरची बाई रात्री अकरापर्यंत कढईशी.

बचत गटाच्या निमित्तानं मी घरोघरी जाते. गटातली एक जण सांगत होती, अख्खी परात तळली आणि शेवटी तिच्या ताटात नुसता चुरा. हसतच सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

माझंही तेच व्हायचं. मुलाच्या एका वाढदिवसाला मी तिखट चिकन-चीजचे गोळे केले. कच्चा खिमा, मोठी आच. बाहेरून तांबूस, आतून कच्चे! चीज फुटून तेलात गेलं ते वेगळंच. तेव्हापासून पद्धत बदलली.

अर्धा किलो बोनलेस चिकनचा खिमा आलं-लसूण, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि मिरपूड घालून दुपारीच कढईत परतायचा, पूर्ण शिजून पाणी आटेपर्यंत. मीठ बेतानं, कारण चीज खारट असतं. गार झाल्यावर दोन उकडलेले बटाटे आणि कोथिंबीर घालून मळायचं. चीजच्या तीन क्यूब्जचे प्रत्येकी आठ तुकडे करायचे, म्हणजे लिंबाएवढे चोवीस गोळे होतात. तुकडा अगदी मधोमध ठेवा, भेग राहू देऊ नका. कॉर्नफ्लोअरच्या पातळ पेस्टमध्ये बुडवून शिळ्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा आणि तळेपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा. आपल्या दमट हवेत शिजलेलं चिकनही ओट्यावर तासन् तास ठेवायचं नाही, बरं का. खिमा आधीच शिजलेला असल्यानं मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटांत रंग आला की झालं.

चीज घेताना पाकीट वाचा. घटकांत वनस्पती तेल दिसलं तर ते दुधाचं चीज नव्हे, दिसायला तसं असलेलं काहीतरी आहे. पैसे चीजचे मोजायचे, तर चीजच घ्यावं.

आता मुद्दा असा, की दोन मिनिटांचं तळण कोणालाही जमतं. मग ते आपणच का करायचं? 'ह्यांना नाही जमत' असं आपणच म्हणतो, अगदी मीसुद्धा वीस वर्षं म्हणत आले. याच गोरेगावच्या मृणालताई गोरे 1972 नंतर महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आपल्याला तर फक्त झारा दुसऱ्याच्या हातात द्यायचाय!

पहिल्या वेळी ह्यांनी तोंड वाकडं केलं. पाहुण्यांसमोर कसं दिसेल, म्हणाले. यंदा मात्र ह्यांनी आणि मुलानं मिळून तळले. तीन गोळे करपवले, ओटाभर तेल उडवलं. मी सोफ्यावर बसून सहा खाल्ले, गरम. ओटा कोणी पुसला, ते मात्र विचारू नका.